हजेरीपटावरील सैन्य

गेल्या दसऱ्याची गोष्ट. सीमोल्लंघन आटोपून आम्ही ओसरीवर बसलों होतों. खंडेनवमीला पूजलेलीं आमचीं आयुधें चौरंगावर अद्याप तशींच होतीं : एक टांक, एक लांकडी पट्टी, अमरकोशाची जुनी प्रत आणि स्वयंपाकघरांतील विळी. शस्त्रपूजेचा आमच्या घरचा पसारा एवढाच. इतक्यांत आमचा एक जुना विद्यार्थी सोनें द्यावयास आला. तो आतां संरक्षण-खात्याच्या हिशेब-कचेरींत चांगल्या जागेवर आहे. आपट्याचीं पानें हातीं देऊन तो पायां पडला; चहा झाला, घरचें क्षेमकुशल झालें. मग किंचित् हंसून तो म्हणाला,

“गुरुजी, पुष्कळ दिवस एक विचारावयाचें होतें. हजेरी घेतांना आपण अठ्ठाविसानंतर एकदम तीस पुकारीत असां. आमच्या वर्गांत एकोणतीस नंबरचा मुलगा कोण होता हो?”

त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्या दिवशीं दिलें नाहीं. विषय बदलला, आणि त्याच्या कचेरीच्या कामाविषयीं विचारपूस करूं लागलों. तोहि मोकळेपणानें बोलला. त्या बोलण्यांतून जो विषय निघाला त्याविषयीं आम्हीं पुढें कांहीं वाचन केलें, आणि तोच आज वाचकांपुढें मांडीत आहों. एकोणतीस क्रमांकाचें उत्तर लेखाच्या शेवटीं येईलच.

विषय असा. ज्या संस्थांच्या हातीं राष्ट्राचें संरक्षण सोंपविलेलें असतें, म्हणजे सैन्य, आरमार, विमानदळ, गुप्तवार्ता-खातें आणि शस्त्रांची खरेदी करणाऱ्या कचेऱ्या, त्यांच्या ठिकाणीं सचोटी किती आहे व लांचलुचपतीला वाव किती आहे, हें पारखतां येतें काय? आमच्या वाचकभगिनी म्हणतील, हा दिल्लीच्या मुत्सद्द्यांचा विषय. कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत त्याचें काय प्रयोजन? पण ज्या घरचा मुलगा सीमेवर उभा आहे, त्या घराला हा विषय घरचाच आहे. त्याच्या पायांतील बूट, अंगावरील लोंकर, हातांतील बंदूक आणि ताटांतील डाळ हीं सारीं कोणीतरी विकत घेतलेलीं असतात. त्या खरेदी करणाऱ्याची नियत कशी होती, यावर त्या मुलाचें सुखरूप परत येणें पुष्कळदां अवलंबून असतें.

सरकारी खातीं अनेक आहेत आणि लांच कोठेंहि खाल्ली जाते. मग संरक्षणाचाच वेगळा विचार कां? त्याचीं कारणें चार. पहिलें, येथील पुष्कळ व्यवहार गुप्त ठेवावे लागतात, आणि शत्रूपासून झांकण्यासाठीं ओढलेल्या पडद्याआड चोरालाहि आयतीच जागा मिळते. दुसरें, विकणारे मोजके आणि रकमा अवाढव्य. चार दुकानें हिंडून तोफेचा भाव विचारतां येत नाहीं. तिसरें, मालाची परीक्षा लगेच होत नाहीं. शाळेचें छप्पर वाईट बांधलें तर पहिल्या पावसांत कळतें. दारूगोळा निकामी निघाला तर तें युद्धाच्या दिवशींच कळतें, आणि तेव्हां तक्रार करावयास तक्रार करणाराच उरत नाहीं. चौथें कारण आमच्यासारख्यांच्या मनांत आहे. सैन्याविषयीं आपणांस आदर वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. पण त्या आदराच्या भरांत हिशेब विचारणें म्हणजेच देशद्रोह अशी समजूत होऊन बसते. शिपायाविषयींचा आदर आणि कंत्राटदाराविषयींचा विश्वास या दोन अगदीं भिन्न वस्तु आहेत.

या रोगाचा परिणाम कोठवर जातो, याचें अलीकडचें उदाहरण इराकचें आहे. २०१४ सालच्या जूनमध्यें मोसूल हें मोठें शहर कांहीं थोड्या दिवसांत बंडखोरांच्या हातीं पडलें. चाल करून आलेले हल्लेखोर थोडे, आणि शहराच्या रक्षणास ठेवलेलें सैन्य कागदोपत्रीं त्यांच्या कितीतरी पट. मग तें सैन्य गेलें कोठें? त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस तेथील पंतप्रधान हैदर अल्-अबादी यांनीं आपल्या लोकसभेंतच सांगितलें कीं, केवळ चार डिव्हिजनांच्या पटावर ५०,००० नांवें खोटीं आढळलीं आहेत. कोणी शिपाई घरीं बसून अर्धा पगार आपल्या अधिकाऱ्यास देई. कोणाचें नांव मेल्यावरहि कमी केलेलें नसे. तेथील लोक अशा शिपायांना उपहासानें ‘अंतराळवीर’ म्हणत, कारण ते पृथ्वीवर कोठेंच सांपडत नसत. पगाराच्या दिवशीं हें सैन्य पुरें असे; लढाईच्या दिवशीं मात्र तें पटावरून खालीं उतरलें नाहीं.

हा दोष नवा नाहीं, आणि त्यावरील उपायहि नवे नाहींत. घोडेस्वारांच्या नांवानें पगार घ्यावयाचा आणि गणतीच्या दिवशीं उसनीं घोडीं आणून उभीं करावयाचीं, ही युक्ति फार जुनी. अल्लाउद्दीन खिलजीनें तिच्यावर तोड म्हणून घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायाचें वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत काढली. पुढें अकबरानेंहि घोड्यांना डाग देणें पुन्हां सुरू केलें. एकदां डाग बसला कीं तेंच घोडें दोन सरदारांच्या नांवावर उभें राहूं शकत नाहीं.

शिवछत्रपतींची तजवीज याहून खोल होती. सभासदाच्या बखरींत गडावरील कारभाराचें जें वर्णन आहे तें आजच्या कोणत्याहि कारभाऱ्यानें अभ्यासावें असें आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे समान दर्जाचे अधिकारी असत. कोठाराच्या हिशेबास कारखानीस निराळा. आणि हे सारे एका जातीचे नसत. किल्ला हें त्या काळचें सर्वांत मोठें संरक्षण-खातें, आणि तो फितुरीनें जाण्याचें भय तोफांनीं जाण्याहून मोठें. म्हणून एकट्याच्या हातीं सर्व किल्ल्या कधींच ठेवलेल्या नसत. हवालदार वाईटच असेल असें महाराजांनीं गृहीत धरलें नव्हतें. तो चांगला असला तरी त्याच्या चांगुलपणावर गड टांगून ठेवावयाचा नाहीं, एवढेंच धोरण त्यांत होतें.

आणखी मागें गेलों तर कौटिल्य भेटतो. १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं त्याचें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां जगाला तें पुन्हां ठाऊक झालें. त्यांत सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत. तसेंच अमात्यांच्या शीलाच्या परीक्षेसाठीं धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार ‘उपधा’ सांगितल्या आहेत. जो ज्या परीक्षेंत शुद्ध ठरेल त्याला त्या प्रकारचें काम द्यावें. अर्थाच्या मोहांत न पडणाऱ्याकडे वसुली व कोश, भयाला न डगमगणाऱ्याकडे राजाच्या निकटचीं कामें. पण त्याबरोबरच एक इशाराहि त्यानें दिला आहे : परीक्षा घेण्याच्या भरांत निर्मळ मन गढूळ करूं नये. संशय हेंच राज्याचें धोरण झालें तर प्रामाणिक माणूसहि बिघडतो, हें त्यानें ओळखलें होतें.

आतां आजच्या पारखीकडे वळूं. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या जगभर काम करणाऱ्या संस्थेच्या संरक्षण-शाखेनें २०१३ सालीं एक मोजमाप प्रथम प्रसिद्ध केलें. ८२ देशांना ७७ प्रश्न लावून त्या देशांना शाळेंतल्याप्रमाणें ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंत श्रेणी दिल्या. आम्हां मास्तरांना ही पद्धत लगेच आवडली हें कबूल केलें पाहिजे! हे प्रश्न पांच शाखांत वांटलेले आहेत : राजकीय देखरेख, पैशाचा व्यवहार, माणसांची नेमणूक व वेतन, प्रत्यक्ष मोहिमा, आणि खरेदी.

प्रश्नांचें स्वरूप समजून घेण्यासारखें आहे. तेथें “कोणी किती खाल्ले?” असें विचारलेलें नसतें, कारण खाणारा पावती देत नाहीं. प्रश्न असे असतात : संरक्षणाचा अंदाजपत्रकीय तपशील लोकप्रतिनिधींना पाहावयास मिळतो काय? गुप्त खर्च एकंदर खर्चाच्या किती प्रमाणांत आहे, आणि तो तरी कोणाला दाखविला जातो? हिशेब तपासणारा स्वतंत्र आहे कीं त्याच खात्याचा नोकर आहे? सैन्यांत माणसें किती हें निश्चित ठाऊक आहे काय, आणि पगार देणारा व हुकूम देणारा एकच आहे काय? स्पर्धेवांचून किती खरेदी होते? कोणी गैरव्यवहार उघड केला तर त्याला संरक्षण मिळतें कीं बदली? थोडक्यांत सांगावयाचें तर ही पारख चोराची नसून घराच्या कड्याकोयंड्यांची आहे. कडी सैल असल्यास चोरी झालीच असें म्हणतां येत नाहीं. पण आज झाली नसली तरी उद्यां होईल, एवढें समजतें.

याच मोजमापाची पुढील एक आवृत्ति २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तींत ८६ देश होते, आणि त्यांपैकीं ६२ टक्के देशांत धोका मोठा किंवा अतिशय मोठा आढळला. न्यूझीलंडला शंभरांपैकीं ८५ गुण मिळून पहिला क्रमांक लागला. सर्वांत कच्ची शाखा निघाली ती मोहिमांची. सैन्य परमुलुखांत जातें तेव्हां तेथील कंत्राटें, इंधन, रसद यांवर कोणी कसें लक्ष ठेवावें, याचा विचार फारच थोड्या देशांनीं केलेला आहे. अर्थात् असें मोजमापहि माणसांचेंच असतें आणि त्यावर मतभेद होऊं शकतात. परंतु आपल्या घरच्या कड्या आपणच तपासावयास त्या प्रश्नांची यादी कोणालाहि उपयोगी पडेल.

आपल्या देशाकडे पाहतां दोन प्रकरणें आठवतात. स्वातंत्र्य मिळून एक वर्ष झालें नाहीं तोंच, १९४८ सालीं, काश्मीरच्या लढाईसाठीं जीप गाड्यांची तांतडीची गरज पडली. लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्यामार्फत नेहमींची पद्धत बाजूला ठेवून परदेशी कंपनीशीं करार झाला. १५५ गाड्या आल्या, त्या सैन्याच्या कामास येण्यासारख्या नव्हत्या. लोकसभेच्या हिशेब-समितीनें आक्षेप घेतले. तरी १९५५ च्या सप्टेंबरांत सरकारनें प्रकरण मिटलें असें जाहीर केलें. कोणी पैसे खाल्ले असें कोठेंहि सिद्ध झालें नाहीं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी : तांतडीच्या नांवाखालीं एकदां पद्धत मोडली कीं पुढें खरें काय आणि खोटें काय हें ठरविण्याचें साधनच हातीं राहत नाहीं. प्रामाणिक माणसालाहि आपलें निर्दोषत्व सिद्ध करतां येत नाहीं, आणि लबाडाला दोषी ठरवितां येत नाहीं.

दुसरें प्रकरण बोफोर्स तोफांचें. १९८६ च्या मार्चमध्यें स्वीडनच्या कंपनीशीं सुमारें चारशें तोफांचा १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. १९८७ च्या एप्रिलमध्यें स्वीडनच्या नभोवाणीनें त्यांत लांच दिली गेल्याची बातमी दिली, आणि देशांत वादळ उठलें. चौकश्या झाल्या, संसदेची समिति बसली, खटले वर्षानुवर्षें रेंगाळले. २००४ आणि २००५ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें आरोप रद्द केले. मात्र १९९९ च्या कारगिल युद्धांत त्याच तोफांनीं उत्तम कामगिरी केली, ही गोष्टहि तितकीच खरी. माल चांगला असूं शकतो आणि व्यवहार तरीहि संशयास्पद असूं शकतो. एकाचा दाखला देऊन दुसऱ्याचें उत्तर होत नाहीं.

परंतु या प्रकरणाचा खरा दंड कोणीं भरला? तो तोफखान्यानें भरला. त्या बोभाट्यानंतर कोणत्याहि अधिकाऱ्यास मोठ्या खरेदीच्या कागदावर सही करण्याचें धैर्य होईना. पुढची नवी परदेशी तोफ सैन्याच्या हातीं पडावयास २०१७ साल उजाडलें. म्हणजे लांचेनें दोनदां नुकसान केलें म्हणावयाचें : एकदां पैसा गेला अशा संशयानें, आणि पुन्हां भयानें. तेव्हां जेथें पद्धत स्वच्छ नसते तेथें प्रामाणिक माणूस सही करीत नाहीं, आणि अप्रामाणिक माणूस योग्य संधीची वाट पाहतो.

पडदा थोडा सारला तर शत्रूचें फावतें काय? युक्रेनचें उदाहरण येथें बोलकें आहे. २०२३ च्या जानेवारींत, रशियाशीं युद्ध ऐन भरांत असतां, तेथील एका पत्रकारानें सैन्याच्या रसदीच्या करारांतील भाव प्रसिद्ध केले. त्यांत एका अंड्याचा भाव १७ ह्रिव्निया धरलेला होता. बाजारांत तो त्याच्या निम्म्याहूनहि कमी होता. खात्यानें ही लेखनाची चूक असल्याचें सांगितलें. तरी एका उपमंत्र्याला पद सोडावें लागलें, आणि पुढें अन्नवस्त्रासारख्या खरेदीचे भाव प्रसिद्ध करण्याचा कायदा झाला. शत्रु दाराशीं उभा असतां ज्या राष्ट्राला अंड्याचा भाव सांगतां येतो, त्याहून आपली स्थिति कठीण आहे असें आपणांस म्हणतां येणार नाहीं. तोफखाना कोठें उभा आहे हें गुप्त असावें. डाळीचा भाव गुप्त असण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडेहि साधनें नाहींत असें नाहीं. नियंत्रक व महालेखापरीक्षक आहेत, लोकसभेची हिशेब-समिति आहे, १९६४ सालीं स्थापन झालेला केंद्रीय दक्षता आयोग आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यांत तर एक मोलाचें कलम आहे. गुप्तवार्ता-विभाग, सीमा सुरक्षा दल इत्यादि संस्थांना त्या कायद्यांतून सूट दिलेली आहे. परंतु लांचलुचपतीच्या आरोपासंबंधींची माहिती त्या सुटींतून वगळली आहे. म्हणजे कायद्यानेंच मान्य केलें कीं राष्ट्राचें गुपित आणि चोरीचें गुपित हीं एक नव्हेत. उलट, गैरव्यवहार उघड करणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा संसदेनें २०१४ सालीं संमत केला, तो पुढें कित्येक वर्षें अंमलांत आलाच नाहीं. कड्या पुष्कळ बसविल्या, पण “चोर, चोर!” असें ओरडणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावयाचें राहून गेलें.

आतां एकोणतीस क्रमांकाविषयीं.

आमच्या शाळेचा पट एके वर्षीं घसरला. तुकडी मोडली असती तर दोन शिक्षक अतिरिक्त ठरणार होते. त्यांतील एकाच्या घरीं मोठें आजारपण होतें. वरिष्ठांनीं आम्हांस बोलावून सांगितलें, “गुरुजी, तुमचें अक्षर चांगलें आहे. अकरा नांवें चढवावयाचीं आहेत.” आम्हीं तीं चढविलीं. त्यांतील तीन आमच्या वर्गाच्या वांट्यास आलीं, आणि रोज सकाळीं आम्ही त्यांच्यापुढें ‘हजर’ लिहीत असूं. पुकारण्याची मात्र जीभ होत नसे, म्हणून तो आंकडा गाळीत असूं. तपासणीच्या दिवशीं शेजारच्या वाडीचीं मुलें आणून बांकावर बसविलीं जात. सरदारांचीं उसनीं घोडीं तीं हींच. तीं अकरा मुलें दरवर्षीं उत्तीर्णहि होत असत, आणि त्यांच्या जागीं नवीं येत असत. २०११ च्या ऑक्टोबरांत राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि मुलांच्या बोटांना शाई लावण्यांत आली, तेव्हां आम्हांस घोड्यांच्या डागाची आठवण झाली. पडताळणी जाहीर होतांच आमचीं अकराहि मुलें एका रात्रींत गांव सोडून गेलीं होतीं. त्यांचे दाखलेहि आमच्याच अक्षरांत आहेत.

यांत आम्हांस एक पैहि मिळाली नाहीं. दयेपोटीं केलें, असें आम्ही मनाची समजूत घालीत राहिलों. पण त्या पांच शाखांचे प्रश्न वाचतांना आमच्या ध्यानांत आलें कीं पट लिहिणाराहि मीच, पुकारणाराहि मीच आणि खरें म्हणून सही करणाराहि मीच, अशी आमची स्थिति होती. बोलावयाचें म्हटलें तरी ऐकणारें कोणी नव्हतें. मोसूलच्या पटावर खोटीं नांवें लिहिणारे कारकूनहि सारे राक्षस नसतील. कोणी भिडेनें लिहिलें असेल, कोणी भयानें, कोणी मित्राच्या आजारी बायकोकडे पाहून. पटावरचें एक नांव निरुपद्रवी दिसतें. पन्नास हजार नांवांचें मिळून एक शहर पडतें.

म्हणून आमचें वाचकांस मागणें एवढेंच आहे. मुलगी देतांना “पगार ठीक आहे, पण वरचें किती मिळतें?” असें हळूच विचारणारीं घरें आपल्यांतच आहेत. तो प्रश्न विचारणें आधीं बंद झालें पाहिजे, कारण कोणत्याहि खात्याची पहिली उपधा घराच्या ओसरीवरच होत असते. आणि घरचा मुलगा अशा जागेवर असेल, तर त्याच्या हातीं एकट्याच्या किल्ल्या किती आहेत, हें त्याला प्रेमानें विचारावें. त्याचें शील जपण्याचा तोच उत्तम मार्ग आहे.

हा लेख छापून आला म्हणजे त्याची एक प्रत आमच्या विद्यार्थ्यास पाठविणार आहों. बाळ, तुझ्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, एकोणतीस क्रमांकावर कोणीहि नव्हतें. त्याच्यापुढें आमची सही मात्र होती.